खेळणे, एक नग

"खेळण्याच्या पार्सलवाले कोण?"

खिडकीमागच्या कारकुनाने दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ती उठली आणि नवऱ्याच्या कोपराला हात लावून तिने त्यालाही उठवले. परदेशातून येणारे टपाल तपासण्याचे ते कार्यालय होते. खोली लांबट, छत उंच, एका भिंतीला पत्र्याची कपाटे. बाकांवर बसलेल्या सगळ्यांच्या हातात एकसारखी पिवळी नोटीस होती. आपले पार्सल अडवले आहे, येऊन खुलासा करावा, शुल्क भरावे. मुदतीत न आल्यास पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाईल.

"आम्ही," ती म्हणाली.

"पार्सल यांच्या नावावर आहे. यांनाच बोलू द्या."

"यांना बोलता येत नाही."

कारकुनाने वर पाहिले. नवऱ्याच्या गळ्यापाशी, कॉलरच्या आत, जाळीचे पांढरे फडके बांधलेले होते. कारकुनाची नजर तिथे गेली आणि लगेच कागदावर परत आली.

"डावीकडची खोली. मॅडम बघतील."

नवऱ्याला गल्लीत सगळे रेडिओ म्हणत. त्याचे केस कापायचे दुकान होते, दोन खुर्च्यांचे. शटर वर गेले की त्याचे बोलणे सुरू होई आणि शटर खाली आले की थांबे. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाचा भाडेकरू उठत नाही, निवडणुकीत कोण पडणार, हे सगळे कात्रीच्या आवाजावर चाले. गिऱ्हाइकाची थट्टा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "वर शेत उरलेलं नाही, बांधच कापायचेत," असे टकल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे, आणि तो माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याकडेच येई.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र पूर्ण काढले आणि श्वासनळीचे तोंड गळ्याच्या पायथ्याशी बाहेर उघडले. श्वास आता तिथूनच येई आणि जाई. जीभ, दात, ओठ सगळे जागच्या जागी होते. फक्त आवाज करणारी हवा तोंडापर्यंत पोचत नव्हती.

"रेडिओ बंद पडला," असे गल्लीत कोणीतरी म्हणाले. ते त्याच्या कानावर आले तेव्हा तोही हसला. हसण्याचा आवाज मात्र आला नाही.

गिऱ्हाइके वाईट नव्हती. पण दुकानात शिरताच ती दवाखान्यात आल्यासारखी हळू बोलू लागत, आणि महिनाभराने चौकातल्या टीव्हीवाल्या सलूनमध्ये दिसत. लिहायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा. तो नुसते ओठ हलवी आणि बायको ते वाचून बोले. ती दाराशी स्टूल टाकून बसू लागली. तिचे बोलणे मऊ होते. तो ओठांनी म्हणे, "याला सांग, डोक्यात केसांपेक्षा हवा जास्त आहे." ती गिऱ्हाइकाला सांगे, "केस हलके आहेत म्हणतात, जरा जपा." मग तो आरशातून तिच्याकडे डोळे वटारून पाही.

रुग्णालयात आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिच्याकडे मुठीत मावेल असे एक यंत्र होते. हनुवटीखाली टेकवून बटण दाबले की ते थरथरे. ती थरथर कातडीतून तोंडात जाई आणि जिभेने, ओठांनी तिचे शब्द करायचे. सगळ्या रुग्णांना मिळून ते एकच होते. आठवड्यातून एकदा तो जाऊन सराव करी. आवाज एकाच पट्टीत लागे, डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा. 'प'चा 'ब' होई, 'क'चा 'ग' होई आणि 'ह' तर उमटतच नसे. "पण म्हणजे बोलणं आहे," ती बाई म्हणाली. "स्वतःचं घेऊन टाका. इथे मिळत नाही, बाहेरून मागवावं लागेल. ऑनलाइन मिळतं."

त्याचे बँकेचे कार्ड परदेशी दुकानाला चालेना, म्हणून बायकोच्या धाकट्या भावाने आपल्या कार्डावर ऑर्डर केली. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, कस्टम ड्युटी वाचवायची एक युक्ती आहे. विकणाऱ्याला कळवतो, वर खेळणं लिही आणि किंमत अगदी थोडी टाक."

"असं चालतं का पण?"

"सगळे तेच करतात गं. माझे बूट 'जुने कपडे' म्हणून आले. भाऊजींना विचार हवं तर."

रेडिओ समोरच बसला होता. फोनमधले सगळे त्याला ऐकू आले होते. त्याने नकारार्थी मान हलवली आणि ओठांनी म्हटले, "खरं लिहायला सांग."

तिने फोनमध्ये सांगितले, "हो म्हणतात."

यंत्राची किंमत भरतानाच घरातली शिल्लक संपत आली होती. ड्युटी आणखी कुठून आणायची, हा तिचा विचार होता. रेडिओने त्या वेळी डोळे वटारले नाहीत. तो उठला आणि वस्तरे पुसायला बसला.

आणि आता खेळणे अडकले होते. बाहेरून येणाऱ्या खेळण्याला सुरक्षिततेचा दाखला लागतो, तो नसेल तर खेळणे परत जाते. परत गेले तर विकणारा पैसे देत नाही. "सांग, भाच्यासाठी मागवलंय, एकच नग, घरच्या वापराचं," भावाने तिला पढवले होते. "एका खेळण्याला सोडतात. फक्त तेवढंच धरून बोल. यंत्राचं नाव काढलंस तर किंमत खोटी ठरेल आणि दंड बसेल." येताना बसमध्ये ती तेच वाक्य मनात घोळवत होती.

डावीकडच्या खोलीत टेबलावर लहानमोठी पार्सले रचलेली होती. त्यांच्या मागे बसलेल्या अधिकारीबाईच्या अंगात स्वेटर होता आणि चष्मा केसांवर सरकवलेला. तिने दोघांना बसायला सांगितले, चष्मा खाली घेतला आणि कागद वाचला.

"खेळणे, एक नग. कसलं खेळणं?"

"गाण्याचं," बायको म्हणाली. "मुलं हातात धरून गातात ना, तसलं. भाच्यासाठी मागवलंय. एकच आहे."

"भाचा केवढा?"

"शाळेत जातो."

"गाणं शिकतो?"

"छे हो! ओरडतो नुसता."

अधिकारीबाई किंचित हसली. तिने पात्याने चिकटपट्टी कापली, खोका उघडला आणि आतल्या पेटीतून करड्या रंगाची, टॉर्चसारखी वस्तू बाहेर काढली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"माइक काही दिसत नाही याला."

"आत असेल."

तिने टोक टेबलाला टेकवून बटण दाबले. गुर्र असा आवाज आला. टेबलावरची टाचणी त्या थरथरीने जराशी सरकली. अधिकारीबाईने यंत्र कानाला लावले, मग तोंडासमोर धरून "हॅलो" म्हटले. "याच्यात गाणं कसं म्हणायचं?"

"ते मोठी माणसं दाखवतील त्याला," बायको म्हणाली. आपला आवाज चढला आहे हे तिला कळले.

रेडिओने हात पुढे केला.

अधिकारीबाईने आधी त्याच्या हाताकडे पाहिले, मग गळ्याच्या फडक्याकडे पाहिले, आणि यंत्र त्याच्या हातावर ठेवले. त्याने खिशातला धुतलेला रुमाल काढून यंत्राचे टोक नीट पुसले. कातडीला लावायची कुठलीही वस्तू तो आधी पुसून घेई. मग डाव्या जबड्याखाली बोटाने चाचपले. किरणांच्या उपचारांनी गळ्याची कातडी ताठ झाली होती; थरथर आत शिरेल अशी मऊ जागा जेमतेम नाण्याएवढी उरली होती. ती सापडल्यावर त्याने टोक टेकवले आणि बटण दाबले.

तो काहीतरी बोलला.

अधिकारीबाईला ते समजले नाही. तिने बायकोकडे वळून विचारले, "काय म्हणाले हे?"

बायकोला समजले होते. "खेळणं नाही," असे तो म्हणाला होता. तिचे तोंड उघडले. खोलीत त्या दोघांखेरीज त्याची भाषा कळणारे कोणी नव्हते. "भाचा असाच धरतो, ते दाखवताहेत" एवढे वाक्य तिच्या जिभेवर तयार होते.

रेडिओने तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. गळ्यावर वस्तरा टेकवण्याआधी तो गिऱ्हाइकाकडे असाच पाही. आता हलू नका, एवढाच त्याचा अर्थ असे.

ती गप्प राहिली.

त्याने यंत्र थोडे सरकवले आणि पुन्हा बोलला, एकेक शब्द सुटा करून. "खेळणं. नाही. बोलायचं. यंत्र. माझं."

या वेळी अधिकारीबाईला समजले. तिने चष्मा पुन्हा केसांवर सरकवला. "रुग्णालयाचा काही कागद आहे?"

त्याने वरच्या खिशातून कार्ड काढून दिले. ते त्याच्या अंगावर कायम असे. कुठे चक्कर येऊन पडला तर प्राणवायू तोंडाला नव्हे, गळ्याला लावायचा, हे लोकांना कळावे म्हणून ते दिलेले होते.

कार्ड वाचून तिने परत केले. "हेच लिहिलं असतंत तर इथवर यावंच लागलं नसतं हो. आजारपणाच्या वस्तूला शुल्काची सूट आहे." तिने कागद पुढे ओढला. "आता ऐका. खरी किंमत सांगा. तिच्यात टपालखर्च मिळवायचा. शुल्क मी सोडते. कर पडेलच. आणि माहिती खोटी दिल्याचा दंड. तो सोडणं माझ्या हातात नाही."

"थोडा तरी कमी..." बायको म्हणाली.

"नाही करता येत, ताई." तिने पेन उघडले. "खेळणं लिहायला कोणी सांगितलं? इथे लिहावं लागतं."

बायकोने पदराचे टोक मुठीत धरले.

"मी," रेडिओ म्हणाला.

हा शब्द अधिकारीबाईला पहिल्याच वेळी कळला. तिने तो लिहून घेतला.

"पैसे भरून पावती आणा, मग वस्तू मिळेल. मुदत आठवडाभराची आहे."

रेडिओने यंत्र पुन्हा एकदा पुसले, पेटीतल्या खाचेत बसवले, झाकण लावले आणि पेटी टेबलावरून अधिकारीबाईकडे सरकवली.

बाहेर पायऱ्यांवर बायको थांबली. "खोटं कशाला बोललात? तुम्ही तर नको म्हणाला होतात."

त्याने ओठ हलवले. "'म' चांगला येतो त्यात."

"थट्टा पुरे. उद्या काही झालं तर तुमच्या नावावर लागेल ते."

तो पायऱ्या उतरू लागला. चढताना त्याला दम लागे, उतरताना नाही, तरी तो सावकाश उतरत होता. खाली पोचल्यावर त्याने वळून दोन शब्द म्हटले. एवढ्या लांबून तिला ते वाचता आले नाहीत, आणि जवळ गेल्यावर त्याने पुन्हा सांगितले नाहीत.

घरी पोचेपर्यंत भावाचा फोन येऊन गेला होता. तिने उलट फोन लावला.

"दंड? अगं ताई, एवढं पढवलं होतं तुला. तू नीट बोलली नाहीस वाटतं."

"नाही बोलले."

"मग भाऊजी मध्ये पडले की काय?"

"हो," ती म्हणाली. "ते बोलले."

थोडे पैसे मी पाठवतो, असे भाऊ म्हणाला, आणि त्याने ते पाठवलेही. ते पुरणार नव्हते. दुकानातली दुसरी खुर्ची गेले वर्षभर रिकामीच होती. चौकातल्या टीव्हीवाल्याने ती विकत घेतली. त्याची दोन माणसे पाने-पकडी घेऊन आली आणि जमिनीतले बोल्ट सोडवू लागली. रेडिओ शेजारी उभा राहून त्यांना बोटाने दाखवत होता: हा आधी, हा नंतर, नाहीतर खालची पट्टी वाकते. खुर्ची उचलून नेल्यावर त्याने जमिनीतल्या भोकांत सिमेंट भरले आणि वरून हाताने सपाट केले.

यंत्र घरी आले. पहिले दोन दिवस त्याने ते दुकानात नेले नाही. स्वयंपाकघरात बसून तो भिंतीकडे तोंड करून बोले, आणि ती भांडी घासता घासता ऐके. एकदा तो मीठ कमी पडलंय म्हणाला. ती "पुरे आहे म्हणतात" असे बोलून गेली, तिथे तिसरे कोणीच नसताना. दोघेही हसली, तिच्याच हसण्याचा आवाज आला.

तिसऱ्या दिवशी दुकानात पहिले गिऱ्हाईक आले ते शेजारचे औषधवाले. ते कधीच सोडून गेले नव्हते. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी फळीवर, पावडर आणि तुरटीच्या मध्ये उभे ठेवलेले यंत्र पाहिले. "हेच का ते? लावा बघू, काहीतरी ऐकवा."

रेडिओने ते उचलून गळ्याला लावले. "दाढी. की. बातम्या?"

औषधवाले दचकले, मग मोठ्याने हसले. "आधी दाढी!"

यंत्र फळीवर परत गेले. एक हात यंत्राला द्यायचा तर दुसऱ्या हाताने दाढी होत नाही. एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्याने वस्तरा चालवायचा, या कामाला दोन्ही हात लागतात. सराव करताना हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. फेस लागला, पाते कानाखाली टेकले, आणि दुकान यंत्र येण्याआधीसारखेच शांत झाले.

औषधवाल्यांना राहवेना. त्यांनी आरशातून दाराकडे पाहिले. स्टुलावर बायको बसली होती. "काय हो वहिनी, कस्टमवाल्यांनी फार छळलं का? रेडिओ काय म्हणाला त्यांना?"

तिला सगळे सांगता आले असते. अधिकारीबाई, टाचणी, हॅलो म्हणणे, सगळे. ती सांगायला पुढे झुकलीसुद्धा. मग तिने आरशात नवऱ्याचे हात पाहिले, एक गालावर, एक वस्तऱ्यावर.

"थांबा जरा," ती म्हणाली. "त्यांचे हात मोकळे होऊ देत."

औषधवाले अर्ध्या गालावर फेस घेऊन थांबले. पाते कानाखालून निघून सावकाश हनुवटीपर्यंत आले.