पाचव्या दिवसाची आंघोळ

हर्षदाची अक्कलदाढ काढायची ठरली आणि पुष्पाबाईंच्या घरात जुनी भीती परत आली. तशी दाढ काढणं म्हणजे काही फार मोठं काम नव्हे. पण डिंडोलीतल्या त्या दोन खोल्यांच्या भिंतीवर नूतनचा हार घातलेला फोटो होता. हर्षदाची ही थोरली बहीण गेल्या वर्षी बाळंतपणात गेली. मुलगी झाली, ती वाचली. आईचं रक्त काही थांबलं नाही. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं अंगातली उष्णता. नशिबाला बोल लावून सगळे आपापल्या कामाला लागले. आपण दुसरं काय करतो?

हर्षदानं मात्र विषय सोडला नव्हता. रक्त न थांबण्याचा आजार आपल्याला असू शकतो का, हे घरबसल्या तपासण्याची प्रश्नावली तिला मोबाईलवर सापडली. दुपारी पुष्पाबाई साड्यांचे धागे कापत बसल्या होत्या, तेव्हा ती त्यांच्यापुढे येऊन बसली.

“माय, पाळी कितला दिन ऱ्हास, असं इचारस हाई.”

“चार दिन. आखो कितला?” पुष्पाबाईंनी मान वर केली नाही.

हर्षदाही आजवर तसंच मोजत आली होती. तिनं चार लिहिलं. नाकाचा घोळणा फुटून रक्त येतं का? “उन्हायामा समदास्ना फुटस.” तिनं नाही लिहिलं. अंगावर काळेनिळे डाग पडतात का? “काम करस त्याले लागसच.” पुन्हा नाही. शेवटी मोबाईलनं सांगितलं, काळजीचं कारण दिसत नाही. पुष्पाबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

संध्याकाळी शेजारची शीतल आली. ती भेस्तानच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि नूतनची शाळेपासूनची मैत्रीण. हर्षदानं तिला निकाल दाखवला. शीतलनं एकेक उत्तर वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

“मावशी, खरंच चार दिवस?”

“मंग खोटं बोलसू का? चार दिन बाजूले बसनं. पाचवा दिनले डोकावरथून न्हाई लिधं, का चुलाले हात लावाले मोकयी.”

“ते पाचव्या दिवशी न्हाऊन संपणारे, बाजूला बसायचे दिवस झाले. मी अंगावरून जातं त्याचं विचारते. न्हाल्यावर कापड लागत नाही का?”

पुष्पाबाई हसल्या. “लागस ना. आठ, नऊ दिन. कधी दहा. आमना घरमा समदी बायास्नं असंच. मन्ही मायनं बी. पन न्हाई लिधं का मंग त्याले कोन मोजस?”

“नूतनचंही असंच होतं?”

“तिनं तर जास्तच...” पुष्पाबाई तिथंच थांबल्या. बाळंतपणाच्या आधी डॉक्टरीणबाईंनी नूतनला हेच विचारलं होतं. नूतन लाजून गप्प राहिली, तेव्हा तिच्या वतीनं पुष्पाबाईंनीच उत्तर दिलं होतं.

“मीच सांगं व्हतं वं, शीतल! मीच सांगं, चार!”

नूतन गेली त्या दिवशीही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

शीतलनं त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, “मावशी, तुम्हाला जसं मोजायला शिकवलं तसं तुम्ही मोजलं. पण मोबाईल काय आणि डॉक्टर काय, आपण सांगू तेवढंच त्यांना कळतं. देवाला कधी शिवायचं नाही, याचा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवला. बाईच्या अंगातून रक्त किती गेलं, याचा कुणी ठेवला नाही.”

“मंग मन्ही नूतन वाचती का?”

“सांगता येत नाही. पण डॉक्टर तयारीत राहिले असते.”

पुष्पाबाईंना हे उत्तर आयुष्यभर पुरणार होतं.

त्याच रात्री हर्षदानं सगळी उत्तरं खरी लिहिली. या वेळी मोबाईल म्हणाला, डॉक्टरांना भेटा. मोबाईल एवढंच सांगू शकतो. आजार आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीतच कळतं. दाढ पुढे ढकलली, तपासणी झाली. रक्त गोठवणारा एक घटक हर्षदाच्या अंगात कमी होता आणि तो आजार घराण्यातून आला होता. डॉक्टरांनी आधी औषध देऊन दाढ काढली. रक्त थांबलं. घरी आल्यावर दोघी नूतनच्या फोटोखाली बसून राहिल्या.

मंडळी, आपल्या घरातल्या सगळ्याच बाया जे सोसतात, ते सोसण्यासारखंच असतं असं नाही. लाज आणि रीत बाजूला ठेवून खरं सांगा. आपणच खोटं सांगितलं तर कोणतीही चाचणी आपल्याला वाचवणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईंनी अमळनेरला विहीणबाईंना फोन लावला. नूतनची लेक तिथंच वाढत होती. तिचंही रक्त तपासून घ्या, असं त्यांनी सांगितलं. मागून पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

“इहीनबाई,” त्या म्हणाल्या, “मोठी व्हयनी का तिले मोजाले शिकाडज्या. बसाना दिन नही. रगतना दिन.”