उलगनाथनचं दोनशे सोळावं मरण

ही गोष्ट घडली तोवर कडंबूर उलगनाथन दोनशे पंधरा वेळा मेला होता, आणि त्यातली एकशे नव्वद मरणं माझ्या हातची. मी मेकअपवाला पिच्चैमुत्तू. हे आकडे निम्मे करून ऐकलेत तरी माझी हरकत नाही. कोडंबाक्कममध्ये, आमच्या सिनेमावाल्यांच्या वस्तीत, माझं बोलणं सगळे निम्मं करूनच ऐकतात, आणि उरतं ते त्यांना पुरतं.

उलगनाथन नायक कधी झाला नाही. नाक फार पुढे, हनुवटी फार मागे. पण बाप म्हणावा तर त्यानेच व्हावं. नायिकेचा बाप, नायकाचा बाप, देवळातला पुजारी, प्रामाणिक हेडमास्तर. मध्यंतराच्या जरा आधी तो मरायचा, कारण बाप मेल्याशिवाय नायकाला शपथ कशी घेता येणार? लोक डोळे पुसत सोडा प्यायला बाहेर पडायचे. तेनकाशीच्या एका थिएटरवाल्याने तर तो खराच गेल्यासारखं त्याच्या नावाने सोळाव्या दिवसाचं जेवण घातलं होतं. उलगनाथन त्याच गावात शूटिंगला होता. तोही पंगतीला बसला, पायसम दोनदा मागून घेतलं आणि शेजारच्याला म्हणाला, भला माणूस होता हो. एकदा उघड्यावर सेट होता, हा तिरडीवर पडलेला, तर एक कावळा येऊन छातीवर बसला. त्याने मान वाकडी करून दोन्ही डोळ्यांनी नीट तपासलं, खात्री पटली आणि उडून गेला. हे मात्र निम्मं करू नका.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. सिनेमात जो मरतो, त्याने गळ्यातला हार काढायच्या आत उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. चार-सहा फूट फिल्म तेवढ्यासाठी फिरवायची. ती कुठल्या चित्रपटात लागत नाही, पण ती फिरली नाही तर मरण माणसाच्या मागोमाग घरी येतं म्हणतात. मानणारे मानतात, न मानणारे गुपचूप मानतात.

उलगनाथनची बायको शेनबगम उघड मानायची. लग्नानंतरच्या पहिल्याच मरणाला हसणं राहून गेलं आणि चौथ्या दिवशी नवरा विषमज्वराने अंथरुणाला खिळला. तेव्हापासून तो मरून घरी आला की ती उंबऱ्यात उभी राहून आधी विचारायची, हसलात का? मगच पाय धुवायला पाणी. तिच्याशी खोटं बोलायचं तर ते त्याला जमायचं नाही. लाखो लोकांना मेलोय म्हणून पटवणारा हा माणूस, पण घरी इडल्या किती खाल्ल्या हेसुद्धा त्याला लपवता यायचं नाही.

तर त्याचं दोनशे सोळावं मरण. दिग्दर्शक रंगदुरै, नवीन पोरगा. दुसऱ्या दिवशी सेट मोडायचा होता, म्हणून शेवटचा प्रसंग त्या दुपारी उरकायलाच हवा होता. मी उलगनाथनला सजवला. कपाळभर विभूती, मधोमध नाणं, नाकात कापूस, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी, पायांचे अंगठे एकत्र बांधलेले. तो पडला आणि असा पडला, की रडायला आणलेल्या बायकांना ग्लिसरीन लागलं नाही.

शॉट चालू असतानाच ऑफिसात फोन आला. उलगनाथनच्या शेजारीणबाईंचा, सरकारी इस्पितळातून. शेनबगमच्या पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं, पण मोठे डॉक्टर परगावी निघाले म्हणून त्यांनी ते आजच घेतलं. नवऱ्याचं काम बिघडू नये म्हणून ती त्याला काही न सांगता सकाळी जाऊन दाखल झाली होती. आता तिची स्ट्रेचरची गाडी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभी होती आणि ती आत जाईना. आज ते मरणार आहेत, ते हसले असं कळल्याशिवाय मी आत जाणार नाही, म्हणत होती. डॉक्टरांना संध्याकाळची गाडी गाठायची होती.

रंगदुरैने शॉट संपेपर्यंत दम धरला, मग उलगनाथनच्या कानात सगळं सांगितलं. हसा लवकर, असंही सांगितलं. कॅमेरामन झेवियरने कॅमेरा सुरू केला.

उलगनाथन उठून बसला. ओठ फाकवले, दात दाखवले, पण ते हसू नव्हतं. रंगदुरैने विनोद सांगितला, तो कुणालाच कळला नाही. मी माकडासारखा नाचलो. रडणाऱ्या बायकांनी त्याला गुदगुल्या केल्या. तो एवढंच म्हणाला, "पिच्चै, होत नाही रे."

मग मीच ऑफिसात पळालो आणि फोनवर सांगून टाकलं, हसले, भरपूर हसले. पलीकडून शेनबगमचा आवाज आला. तिची गाडी मेट्रनच्या टेबलापाशी आणली होती. म्हणाली, "पिच्चै, तू श्वास घेतलास तरी मला खोटा वाटतो. त्यांना दे."

बांधलेल्या अंगठ्यांनी उड्या मारत उलगनाथन ऑफिसात आला. मागून झेवियर कॅमेरा घेऊन दारात. मी हनुवटीची पट्टी सैल केली आणि रिसीव्हर त्याच्या कानाला धरला. माझाही कान जवळच होता, तो नेहमीच असतो.

"हसलात का?"

उलगनाथन नाकातला कापूस चाचपू लागला.

"वाटलंच मला."

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं असतं तर नीट मेला असतात का?"

त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, माझी विभूती वाहून चालली. ती म्हणाली, "बरं, एक सांगा. मला भूल देणार आहेत. असं निपचित पडायची मला सवय नाही. कसं पडायचं?"

कारागिराला त्याच्या कामाचं विचारलं, की घराला आग लागलेली असली तरी तो उत्तर देतो. उलगनाथनचा आवाज स्थिर झाला. "मान सैल सोड. जीभ टाळूला टेकव. बोटं थोडी दुमडलेली असू देत, ताठ ठेवली की कळतं."

"श्वास?"

"पोटाने नाही घ्यायचा. वर, खांद्यापाशी घे, थोडा थोडा."

"आणि खाज सुटली तर?"

"सुटतेच, नाकालाच सुटते. तेव्हा दुसरं काहीतरी आठवायचं. मी आपला, तू नवी नवरी असताना माझी आई तुला काय काय बोलली ते आठवतो. खाज पळून जाते."

शेनबगम म्हणाली, "दोनशे सोळा वेळा ते आठवलंत? आणि मला तीस वर्षं सांगताय, विसरून जा म्हणून?"

आधी मला वाटलं त्याला ठसका लागला. नाकातला कापूस उडून माझ्या शर्टावर पडला, कपाळावरचं नाणं टेबलाखाली गेलं. तो हसत होता, पोट धरून, खुर्चीत दुमडून. रिसीव्हरमधून तिचंही हसणं येत होतं आणि ती कण्हत म्हणत होती, पुरे हो, दुखतंय मला. झेवियरला चार-सहा फुटांवर थांबायचं सुचलं नाही, त्याने फिल्मचा सगळा डबा संपवला.

"आता न्या मला आत," असं ती कुणाला तरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

आम्ही तसेच गाडीत बसून निघालो. इस्पितळाच्या फाटकावरच्या शिपायाने उलगनाथनला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाला, हे असं पुढून चालवत काय आणलंस, शवागार मागच्या बाजूला आहे.

दिवेलागणीला ती शुद्धीवर आली. उलगनाथन खाटेशेजारी स्टुलावर, गळ्यात हार, कपाळावर ओघळलेली विभूती. तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"हे असं दिसता होय तुम्ही मेल्यावर?"

"पिच्चैनं केलंय."

"चांगलं केलंय," ती हळूच म्हणाली. "पण धुवून या आधी. नाहीतर डॉक्टर मला घरी पाठवतील आणि तुम्हालाच ठेवून घेतील."

वॉर्डाच्या टोकाला नळ होता. माझा हात त्याच्या तोंडाला सरावलेला, म्हणून मी उठलो, पण त्याने मला खांदा दाबून खाली बसवलं. गेला, स्वतःच खसाखसा तोंड धुतलं, आणि धोतराच्या टोकाने पुसत, जरा घाईघाईनेच, तिच्याकडे परत आला.