व्हॉल्व्ह चांगला होता

मित्रांनो, मी जुना बुलडोझर आहे. माझं म्हणणं आजवर कुणी ऐकून घेतलेलं नाही, आणि त्यात कुणाची चूकही नाही. मी सुरू असलो की शेजारच्या माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही, आणि बंद असलो की मी नुसतं लोखंड. पण एक गोष्ट अशी आहे, की ती बरेच दिवस फक्त दोघांना ठाऊक होती. त्या दोघांतला एक मी. ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पिवळाधमक होतो. माझं पातं, म्हणजे पुढची ती मोठी पोलादी ढाल, उन्हात बघवत नसे. मी टेकाडं फोडली, रस्त्यांसाठी माती ढकलली, शाळांची मैदानं केली. तुम्ही ज्या मैदानावर पळता ते काही जन्मतः सपाट नसतं, एवढं लक्षात ठेवा. बढाई मारतो असं वाटलं तर वाटू दे. म्हाताऱ्याला तेवढी मुभा असते.

मला चालवत ते तात्या. सगळे त्यांना तात्याच म्हणत, त्यांची मुलगीसुद्धा. बावीस वर्षं त्यांनी मला चालवलं. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काम मनासारखं झालं की ते फक्त रुमालाने मान पुसत, आणि आम्ही ते समजून घ्यायचो. चढण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. उजवा पाय चाकांवरच्या साखळीवर, डावा पाय पायरीवर, आणि सीटजवळचा, पातं वर-खाली करायचा दांडा हाताने धरून अंग वर ओढायचं. दांडा माझा इतका जड, की तात्या त्याला लोंबकळले असते तरी तो हलला नसता.

पुढे माझे दिवस फिरले. पातं उचलणाऱ्या दोन जॅकमधून ऑइल झिरपू लागलं. जेवणाच्या सुट्टीत पातं वर ठेवलं, तर माणसं हात धुऊन येईपर्यंत ते जमिनीला टेकलेलं असे. मला लाज वाटायची. पण त्यामुळे तात्यांचा एक नियम झाला होता. पात्याजवळ कुणी बसणार असेल तर आधी खाली दोन लाकडी ओंडके. ओंडके नाहीत तर काम नाही. एकदा आमच्या यार्डाच्या मालकीणबाई स्वतः पुढे वाकून बघायला गेल्या, तर तात्यांनी त्यांनाही हटकलं होतं.

मला मोडीत काढायचं चाललं होतं, तेव्हा तात्यांची मुलगी मध्ये पडली. यार्डात तिला सगळे ताई म्हणत. ती फिटर. जॅक, पंप, पाइप यांच्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. ती मालकीणबाईंना म्हणाली, "इंजिन ठणठणीत आहे याचं. पंप, जॅक आणि पातं बदलू या. मी करते."

तीन आठवडे ती माझ्या पोटाखाली होती. नवा पंप बसला, नवे जॅक आले, पातं आधीच्यापेक्षा हातभर रुंद. पातं अधांतरी रोखून धरणारा एक व्हॉल्व्ह तिने स्वतः निवडून बसवला. दांडाही नवा, बोटाने हलणारा. यार्डातले लोक म्हणाले, म्हातारपणी बाशिंग बांधतोय. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मी थोडा शेफारलोच होतो.

चाचणीच्या दिवशी ताईने पातं वर उचललं, इंजिन बंद केलं आणि जॅकच्या दांडीवर खडूने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी वाकून पाहिलं. रेघ होती तिथेच होती. त्यांनी रुमालाने मान पुसली. मग दोन्ही ओंडके उचलून ते शेडच्या मागे ठेवून आले.

"अहो, राहू द्या की," ताई म्हणाली.

"कशाला? तुझं काम आहे ते. त्याच्याखाली परत लाकडं लावायची, म्हणजे माझा विश्वास नाही असंच झालं."

ताई लाजून हसली. तिला दुसरं बक्षीस कुणी दिलं असतं तरी एवढं आवडलं नसतं. मित्रांनो, त्या दिवशी मला वाईट वाटायला हवं होतं. पण मीही खूशच होतो.

पाच महिने सगळं छान चाललं. मग एका दुपारी ताई पात्याची खालची झिजलेली पट्टी बदलायला बसली. पातं वर, इंजिन बंद, तिचा डावा हात पट्टीखाली बोल्ट धरून. ती म्हणाली, "तात्या, मोठा पाना द्या ना. सीटखाली आहे."

तात्या चढले. उजवा पाय साखळीवर, डावा पाय पायरीवर, आणि हात दांड्यावर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दांडा लोण्यासारखा पुढे आला आणि माझं पातं खाली गेलं. मी ते रोखू शकलो नाही. रोखायचं काम व्हॉल्व्हचं, आणि व्हॉल्व्हला तर दांड्यानेच 'सोड' म्हणून सांगितलं होतं.

इंजिन सुरू केल्याशिवाय पातं वर येत नाही. तात्यांच्या हातातून चावी दोनदा पडली. पातं उचललं तोवर ताईची तीन बोटं गेली होती. लोक धावत आले. मालकीणबाईंनी विचारलं, "झालं काय?"

तात्या म्हणाले, "पातं आपोआप आलं."

ते घाबरले होते. पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायला रोज थोडं जास्त बळ लागतं, आणि ते त्यांना एकवटता येईना. दवाखान्यात ताईच्या कानावर तेच गेलं. व्हॉल्व्हने दगा दिला. तिच्या व्हॉल्व्हने. आणखी दोन ठिकाणी तिला मशीन सुधारायला बोलावलं होतं, त्यांनी नको म्हणून कळवलं. मालकीणबाईंनी मला कोपऱ्यात उभं केलं. ताईची हत्यारांची पिशवी शेडच्या खिळ्यावर तशीच लटकत राहिली. तात्या रोज येऊन माझ्या सीटवर बसत आणि दांड्याकडे पाहत. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण माझ्या तोंडून ब्र निघत नव्हता.

चार महिन्यांनी ताई आली. मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. तिने मालकीणबाईंकडे फक्त एक दिवस मागितला.

तिने दोन बोटांच्या हाताने व्हॉल्व्ह खोलला. टेबलावर कापड अंथरून एकेक भाग पुसला आणि उजेडात धरून पाहिला. स्प्रिंग नीट होती. आत कचऱ्याचा कण नव्हता. सगळं परत बसवून तिने पातं उचललं, नवी रेघ ओढली आणि लांब उभी राहिली. दोन तास झाले, तीन झाले. रेघ हलली नाही. तात्या शेडच्या दारात उभे होते.

"दोष सापडत नाही, तात्या," ताई म्हणाली. "सापडला असता तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी काय टाळायचं ते तरी कळलं असतं. आता माझा माझ्यावरच भरवसा नाही. मी हे काम सोडते."

तात्या दारातून आत आले. मग म्हणाले, "व्हॉल्व्ह चांगला होता. चढताना मी दांडा धरला."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हाच."

ती रडली नाही की ओरडली नाही. हातातलं फडकं टेबलावर ठेवून ती म्हणाली, "चला. मालकीणबाईंना सांगा. आज, माझ्यासमोर. आणि ज्या दोघांनी मला नको म्हटलं, त्यांनाही."

तात्यांनी सांगितलं. तिन्ही ठिकाणी सांगितलं, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी ताई वेल्डिंग मशीन घेऊन आली. तिने दांड्याला कुलूप लावणारी कडी बसवली आणि शेडमागचे ओंडके स्वतः आणून पात्याखाली सरकवले. मग लोखंडी नळीचा एक तुकडा घेऊन ती माझ्या बाजूला उभी राहिली. "चढताना हात कुठे जातो तुमचा, दाखवा."

तात्यांना हात वर करवेना. तिने वाट पाहिली. शेवटी त्यांनी हात हवेत धरला, आणि बरोबर त्या उंचीवर तिने धरायची मूठ वेल्ड करून दिली.

आता मी पुन्हा कामावर आहे. मला दुसरा माणूस चालवतो. चढताना तो ती मूठ धरतो, आणि ती कुणाच्या मापाची आहे हे त्याला ठाऊक नाही. तात्या यार्डात येतात, पण माझ्यावर चढत नाहीत. ताई त्यांच्याशी बोलते ते कामापुरतं. परवा तिने त्यांना चहा घेतलात का म्हणून विचारलं, तेव्हा ते उत्तर द्यायचंच विसरले.

मित्रांनो, मशीन नवं असो की जुनं, त्याच्याखाली हात घालण्याआधी आधार लावा. मशीन दुरुस्त करणाऱ्याचा तो अपमान नसतो. आणि हातून चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. ताईचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. कामावर परतल्यावर तीन बोटांशिवाय काम करायला ती दीड महिन्यात शिकली. स्वतःला दोष देत काढलेले ते चार महिने मात्र तिला अजून विसरता येत नाहीत.