आंजेलोची आई

लेस्टरच्या मोहन गुरुजींना फक्त तीन नावं हवी होती. कन्यादानाच्या संकल्पात नवऱ्या मुलाचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांचा उच्चार करावा लागतो, तेवढी व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणाले. गोत्राची काळजी नको, ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. आमचा होणारा जावई डारियो व्हिट्रानो बेडफर्डचा. त्याचे आजोबा पन्नासच्या दशकात सिसिलीहून तिथल्या वीटभट्ट्यांवर कामाला आले आणि तिथलेच झाले. सिसिलीचे व्हिट्रानो आता काश्यप गोत्री होणार, या कल्पनेनेच मला गुदगुल्या होत होत्या.

नावं लगेच मिळाली. डारियोने आजोबांना फोन केला. त्यांना सगळेच नोन्नो म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वडील सांद्रो, आजोबा म्हणजे नोन्नो स्वतः, कालोजेरो, आणि पणजोबा आंजेलो. शहाण्या बाईने इथे थांबायचं असतं. पण मी नुकतीच रिटायर झालेली, लग्नाची साडी घेऊन झालेली, आणि डारियो सहज बोलून गेला की सिसिलीची जुनी जन्म-मृत्यूची सरकारी रजिस्टरं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत, कुणीही बघावीत.

"ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये," पद्माकर म्हणाले. हे माझे यजमान. आयुष्यभर लोकांना भूल देऊन झोपवलं, त्यामुळे कुणी जागेपणी काही करायला लागलं की त्यांना काळजी वाटते. मी म्हटलं, अहो, व्हिट्रानो कुठे ऋषी आहेत.

मला त्या रजिस्टरांचं व्यसन लागलं, हे कबूल करते. इटालियन येत नव्हतं, पण अक्षर लागत होतं. मिल्टन कीन्सच्या हॉस्पिटलात मी जन्मभर फार्मसिस्ट होते. डॉक्टरांची अक्षरं वाचून पोट भरलेल्या बाईला दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची काय भीती? उलट तो बिचारा नीट शाई बुडवून लिहायचा. शब्द लागला की फोनवर भाषांतर करायचं. नोन्नोंचं गाव आग्रिजेंतोच्या मागच्या डोंगरात, जेमतेम चार गल्ल्यांचं. तिथल्या लोकांची मला हळूहळू ओळख व्हायला लागली. तिथे बहुतेक थोरल्या मुलांना आजोबांचं नाव, अगदी आपल्यासारखं. बापाचं नाव मुलाच्या नावापुढे, तेही आपल्यासारखं. बाप वारला असेल तर त्याच्या नावामागे दोन अक्षरं लावायचे, आपण कैलासवासी लावतो तशी. मी खुशीत होते.

आणि एका शुक्रवारी पणजोबा आंजेलोची जन्मनोंद सापडली.

रविवारी बेडफर्डला जेवायचं बोलावणं होतं. नोन्नोंना नव्वदी उलटली तरी परसात द्राक्षाचा वेल, टोमॅटो आणि एक लांबलचक हिरवट फळभाजी लावतात. तिला ते कुकूत्सा म्हणतात. आमच्याकडे तिला दुधी म्हणतात. हे कळल्यापासून आमची गट्टी होती. जाताना ते मला दरवेळी दोन दुधी देत आणि मी त्यांना दुधी हलवा पोचवत असे. तर त्या जेवणात, पास्ता संपून मांस यायच्या आधी, मी फोन काढला आणि जाहीर केलं की मला आंजेलो सापडलेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी भाषांतर मोठ्याने वाचायला घेतलं. 'साव्हेरियो व्हिट्रानो, शेतकरी, याने समक्ष येऊन सांगितले की एका अविवाहित स्त्रीशी असलेल्या त्याच्या संबंधातून पुत्र जन्मला, त्यास आंजेलो हे नाव दिले.'

वाचता वाचता शेवटच्या ओळीवर माझा आवाज आपोआप बारीक झाला, पण तोवर वाचून झालं होतं. आईचं नाव तिथे नव्हतंच. फक्त 'अविवाहित स्त्री'.

नोन्नोंनी नॅपकिन घडी घालून ताटाशेजारी ठेवला. त्यांचं इंग्रजी शब्दांनी बेडफर्डचं आणि हेलाने सिसिलीचं, मी इथे मराठीत सांगते.

"माझ्या वडिलांचं नाव तुमच्या देवासमोर घेऊ नका," ते म्हणाले. "आणि मीही येणार नाही."

मग ते उठून परसात गेले आणि आम्ही निघेपर्यंत आत आले नाहीत. त्या दिवशी दुधी मिळाला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडीत मुलगी शाल्मली माझ्याशी बोलली नाही. केंब्रिजला परत जाण्याआधी किचनमध्ये उभी राहून मात्र बोलली. "आई, माझी लग्न आहे. It's not तुझा रिसर्च प्रोजेक्ट. डारियोचे नोन्नो नाही आले ना, तर डारियो कोलमडेल. त्याला त्यांनीच वाढवलाय." तिचं व्याकरण सुधारण्याची ती वेळ नव्हती, आणि मुद्दा तर अगदीच बरोबर होता. नोन्नोंशिवाय लग्न म्हणजे डारियोच्या बाजूचा मांडव रिकामा. मी ती गेल्यावर रडले. रडताना रागही येत होता, स्वतःचा आणि त्या मेल्या कारकुनाचाही.

पद्माकरांनी चहा केला. वास्तविक 'मी सांगितलं होतं' म्हणायची एवढी सुंदर संधी, पण त्यांनी ती सोडली. कप माझ्यासमोर ठेवत एवढंच म्हणाले, "त्या हिशेबाने आपला नीलसुद्धा तसलाच की गं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग आम्ही दोघंही एकदम हसायला लागलो.

झालं होतं असं. आमचं लग्न पुण्यात झालं, सप्तपदी, मंगलाष्टकं, बुंदीचे लाडू, सगळं यथासांग. रजिस्टर करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पुढे नील झाला, आणि मग ह्यांना इकडची नोकरी लागली. व्हिसाला लग्नाचा दाखला हवा. तोवर आमचं लग्न लावणारे गुरुजी वारलेले आणि लग्नपत्रिका कुठे सापडेना. तेव्हा कुणी तरी सुचवलं की सरळ नव्याने रजिस्टर लग्न करून टाका, भानगड नको. आम्ही केलं. त्या फॉर्मवर सध्याची स्थिती लिहायची असते. गळ्यात मंगळसूत्र, कडेवर दोन वर्षांचा नील, आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अविवाहित'. तो दाखला वरच्या कपाटात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता डोकं चालायला लागलं. मी सरकारच्या वहीत शोधत होते, कारण ती घरबसल्या दिसत होती. पण देवळाची वही वेगळी असणार. डारियोला फोन केला. त्याने शोधून सांगितलं की त्या काळी तिकडे चर्चमधलं लग्न सरकार धरत नसे आणि सरकारी लग्न चर्च धरत नसे. गावातले लोक चर्चमध्ये लग्न करून मोकळे व्हायचे. त्यांच्या दृष्टीने तेच खरं. कचेरीच्या दृष्टीने ती बाई कुमारिकाच, आणि कुमारिकेचं नाव कारकून लिहीत नसे.

"आई, म्हणजे ते married असतील?" डारियोने विचारलं. मला आई म्हणायला तो नुकताच शिकला होता.

"तेच तर शोधायचंय," मी म्हटलं. "पण ह्या वेळी जेवणाच्या टेबलावर नाही."

डारियोने गावच्या पाद्रीबाबांना ईमेलवर पत्र लिहिलं. उत्तर येईना. मग त्याने फोन केला, तेव्हा कळलं की पाद्रीबाबा तीन गावांची चर्चेस एकटे सांभाळतात आणि ईमेल पुतणीला वाचायला देतात. लग्न तोंडावर आलं होतं. मी रोज सकाळी आधी फोन बघायची आणि मग गॅस पेटवायची. शेवटी एक फोटो आला, वाळवीने कडा खाल्लेल्या पानाचा. लॅटिन मला औषधाच्या चिठ्ठीवरचं 'दिवसातून दोनदा' आणि 'जेवणानंतर' एवढंच येतं, पण नावं वाचायला लॅटिन लागत नाही. साव्हेरियो व्हिट्रानो. आणि त्याच्या शेजारी, तिच्या बापाच्या नावासकट, प्रोव्हिदेंझा. आंजेलोच्या जन्माआधी चार वर्षं, भर चर्चमध्ये, दोन साक्षीदारांसमोर लग्न झालेली.

मी किचनमध्ये एकटीच नाचले. पद्माकर बघायला आले आणि दारातूनच परत गेले.

बाईचं नाव हाती लागल्यावर पुढचं सोपं होतं. मुलीला लग्नात काय दिलं याचा करार तिकडे नोटरीकडे करत, आणि नोटरींचे जुने खंड जिल्ह्याच्या दप्तरखान्यात असतात. तिथून स्कॅन आला. अक्षर आमच्या हॉस्पिटलातल्या एका सर्जनसारखं होतं, म्हणजे मी सोडून कुणालाच लागलं नसतं. प्रोव्हिदेंझाच्या बापाने लेकीला दिलं होतं: लोकरीच्या दोन गाद्या, सहा चादरी, एक तांब्याची कढई आणि अर्धं खेचर.

बेडफर्डला मी एकटीच गेले. शाल्मलीला सांगितलं नाही, तिने जाऊ दिलं नसतं. नोन्नो परसात वेल बांधत होते. मला बघून सुतळी तोडायचे थांबले नाहीत. मी बाकावर बसले आणि आधी माझा दाखला पुढे केला. चर्चचा कागद नाही, माझा. 'अविवाहित' या शब्दावर बोट ठेवून मी त्यांना मंगळसूत्राची आणि कडेवरच्या नीलची हकिकत सांगितली.

त्यांनी चष्मा लावून तो न समजणारा कागद बराच वेळ पाहिला. "लिहिताना लाज वाटली?" त्यांनी विचारलं.

"नाही. खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती."

ते हसले नाहीत, पण शेजारी बसले. मग सांगायला लागले. वडील गेले तेव्हा ते अगदी लहान होते. आजीला तर पाहिलंच नव्हतं. पुढे इंग्लंडच्या वीटभट्टीचं काम मिळालं, कागद करायला ते कचेरीत गेले, आणि तिथल्या कारकुनाने वडिलांची नोंद मोठ्याने वाचली. रांगेत सगळं गाव उभं होतं. गाव हसलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आगगाडी पकडली आणि त्या कचेरीची पायरी पुन्हा चढले नाहीत. मी जेवणाच्या टेबलावर तेच केलं होतं, टाळ्यांसकट. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हाताने ती बाजूला सारली, माशी वारावी तशी.

मग मी चर्चचा फोटो दिला. त्यांचं बोट साव्हेरियोवरून पुढे सरकलं आणि थांबलं.

"प्रोव्हिदेंझा," ते म्हणाले. "हे तिचं नाव?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्याही आलं. नव्वदी उलटलेल्या माणसाला त्याच्या आजीचं नाव सांगण्याचं भाग्य किती जणींना मिळतं? मग नोटरीचा कागद वाचून दाखवला. खेचरापाशी त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, पुढचं अर्धं की मागचं? मी म्हटलं, उरलेलं अर्धं तिच्या भावाकडे होतं, आळीपाळीने वापरायचे. तेव्हा मात्र ते इतके हसले की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून डोकावून पाहिलं.

मला वाटलं, जिंकलं. डोळे पुसून त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या विधीत कुणाकुणाची नावं घेतात?"

मी सांगितलं. सांद्रो, कालोजेरो, आंजेलो.

"आणि हिचं?"

मी म्हटलं, त्यात पुरुषांचीच घेतात.

"म्हणजे सरकारने हिचं नाव लिहिलं नाही," ते म्हणाले, "आणि तुम्हीही घेणार नाही."

येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. कागद खिशात ठेवले आणि मला दोन दुधी दिले. मिल्टन कीन्सपर्यंत प्रत्येक राउंडअबाउटला मला तेच वाक्य ऐकू येत होतं. इतकी लग्नं बघितली, स्वतःचं तर दोनदा केलं, पण हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मोहन गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, ताई, संकल्प म्हणजे काही मेनू कार्ड नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, खेचरासकट. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. म्हणाले, आईच्या नावाने मुलगा सांगायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, मी व्याकरणात बसवून ठेवलंय. नोन्नोंना मी डारियोकरवी निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

लग्नाच्या दिवशी पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी होती. डारियो बाशिंग बांधून सारखा दाराकडे बघत होता. अंतरपाट धरायच्या जरा आधी नोन्नो आले, काळ्या सुटात, काठी टेकत. थेट जागेवर जाऊन बसले. शाल्मलीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

कन्यादानाला गुरुजींनी पाणी सोडायला सांगितलं आणि म्हणायला सुरुवात केली, "काश्यपगोत्रोत्पन्नाय, प्रोव्हिदेंझापुत्रस्य आंजेलोनाम्नः प्रपौत्राय..."

नोन्नो उभे राहिले. त्यांनी काठी वर केली. गुरुजी थांबले, सनई थांबली, आमच्या ह्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"पुन्हा," नोन्नो म्हणाले. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

मोहन गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी उपरणं सावरलं, मोठा श्वास घेतला आणि प्रोव्हिदेंझाचं नाव असं खणखणीत घेतलं की बाहेर गाड्या लावणारे लोकसुद्धा आत बघायला आले. मग नोन्नो खाली बसले आणि त्यांनी गुरुजींना पुढे चालू द्यायची खूण केली.