शब्दांची पंगत

परळच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा रिकामी होती, आणि लालबागच्या सीमाताईंचा त्या जागेवर जीव जडला होता. आजचा नमुनापाठ मुख्याध्यापिका मीनाक्षीबाईंच्या मनास आला, तर नेमणूक. नाहीतर पुन्हा घरच्या शिकवण्या. विषय मिळाला होता इंग्रजी व्याकरणातील शब्दांच्या जाती.

सीमाताईंनी आठही नावे सुवाच्य अक्षरांत फळ्यावर लिहिली व व्याख्या सांगितल्या. सहावीच्या मुलांनी त्या आरतीच्या ठेक्यात म्हटल्या. मागच्या बाकावरून मीनाक्षीबाईंनी विचारले, "प्रोनाउन म्हणजे काय, आपल्या शब्दांत कोण सांगेल?"

मुलांनी पुन्हा तीच पाठ व्याख्या आरतीच्या ठेक्यात सुरू केली.

संकटात मनुष्य आपल्या सरावाच्या कर्माकडेच धावतो. चाळीच्या गणेशोत्सवातील महाप्रसादाची पंगत वर्षानुवर्षे सीमाताईंच्या आज्ञेत चाले. त्यांनी पदर खोचला.

"बाकं मागे सारा! खाली मांडी घाला. पंगत बसवायची आहे."

"टीचर, जेवायला काय?" हितेंद्रने विचारले.

"वाक्य! पूर्वी, उभी राहा. तुला नावानं हाक मारतात, तू नाउन. दीपक, तू वाढणारा हात, म्हणजे व्हर्ब. तू थांबलास की पंगत उपाशी. आता पूर्वी पाणी प्यायला गेली, तर तिच्या जागी कोण?"

"मी!" अक्षदा उठली. "म्हणजे बदली कामगार ना? माझे पणजोबा गिरणीत बदलीवरच होते."

"हेच प्रोनाउन!"

"अरे, मीठ कुठंय?" हितेंद्र मध्येच ओरडला.

"हा 'अरे' बघा, इंटरजेक्शन. कुणी बोलावलं नाही, तरी हजर!"

हास्याचा कल्लोळ उसळला. शेजारच्या वर्गातील गुरुजी दारातून डोकावून गेले. सीमाताईंचा चेहरा उतरला. आपण शाळेचा मांडव केला, हे त्यांना तेव्हा उमगले.

मीनाक्षीबाई उठल्या, आणि हातातली वही मिटून पंगतीच्या टोकाला येऊन बसल्या.

"मग ॲडव्हर्ब कोण?"

सीमाताईंनी तोंड उघडण्याआधीच पूर्वी म्हणाली, "तो दीपकला सांगतो, कसं वाढायचं. भरभर, सावकाश!"

"आणि आमटी सांडू नकोस!" हितेंद्रने भर घातली.

"गप रे, तू मीठ शोध," दीपक म्हणाला.

मीनाक्षीबाईंना हसू आवरेना. पदर सावरीत त्या म्हणाल्या, "सीमाताई, सोमवारपासून या. फक्त शेजारी गणिताचा तास असतो. तुमची पंगत जरा हळू आवाजात बसवा."

सीमाताईंनी हात जोडले. आणि मग मुलांसह त्या बाके जागेवर लावू लागल्या.