मेलेल्या राजाचे हात

इंग्रजांचा तो जुना नाटककार जाऊन चारशे वर्षं झाली, पण जपानपासून ब्राझीलपर्यंत रोज कुठे ना कुठे त्याचा एखादा राजा मरत असतो. इथे किरगिझस्तानात आमच्या गावच्या नाट्यगृहातही मरतो. चौतीस वर्षांत मी त्याच्या नऊ नाटकांत कामं केली: मशालवाला, पहारेकरी, दूत, पुन्हा मशालवाला. दिग्दर्शक बदलले, पडदे बदलले, माझी मशाल काही सुटली नाही. यंदा सत्तावन्नाव्या वर्षी मला राजा मिळाला. गुण वाढले म्हणून नव्हे. आधीचा राजा मुलाकडे मॉस्कोला राहायला गेला.

माझ्या वडिलांना, आबांना, याचं कौतुक असण्याचा प्रश्नच नव्हता. आमचे आबा, दोलोत म्हातारे, दुआ देण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. मेंढरं वरच्या कुरणात निघाली की दुआ. ट्रकचं टायर बदललं की दुआ. शेजाऱ्याच्या टीव्हीवर चित्र दिसायला लागलं तरी यांचे दोन्ही तळवे वर. पण एकोणिसाव्या वर्षी मी नाट्यशाळेत जायला निघालो आणि त्यांच्यासमोर तळवे पसरून उभा राहिलो, तेव्हा त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. "लोकांपुढे खोटं खोटं मरायला शिकणार तू. असल्या कामाला दुआ नाही." दुआ संपल्यावर फिरवतात तसे मी रिकामेच तळवे तोंडावरून फिरवले आणि बस पकडली. पुढे माझ्या लग्नाला दुआ मिळाली, पोरांना मिळाली, घराच्या छपराला मिळाली. कामाला कधीच नाही. टायरला मिळालं ते मला मिळालं नाही, हे मी चारचौघांत हसून सांगतो. आत मात्र ते सलत राहिलं.

मी राजा झालो त्याच आठवड्यात नारिनच्या इस्पितळात आबांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि ते आमच्याकडे राहायला आले. एका डोळ्यावर पट्टी, वय चौऱ्याऐंशी, घरात एकटं ठेवायची सोय नाही. माझी बायको कालिचा त्यांना दुपारच्या खेळाला घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा आबा माझं नाटक बघणार होते.

नेमके त्याच दुपारी राजधानीतून दोन परीक्षक आले होते. शेजारच्या कझाकस्तानात, आल्माटीला, त्याच नाटककाराच्या नाटकांचा मोठा मेळा भरणार होता. चौदा देशांचे राजे तिथे मरणार होते, आणि त्यांत आमचाही घ्यायचा का, ते हे दोघे ठरवणार होते.

आमची दिग्दर्शिका जिपार माझ्या मुलीच्या वयाची. माझी दाढी चिकटवता चिकटवता तिने बजावलं, "काका, मेल्यावर अकरा मिनिटं पडून राहायचंय. पोटातून श्वास घ्या आणि बाकी काहीएक करू नका."

"काळजी सोड," मी म्हटलं. "काहीएक न करण्यात माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे."

तर मी मेलो. आणि खोटं कशाला बोलू, झकास मेलो. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. मग ठरल्याप्रमाणे प्रधान आणि राजपुत्र माझ्या डोक्याशी उभे राहून गादीवरून भांडायला लागले. हे भांडण इंग्रजीतून रशियनमध्ये आणि रशियनमधून किरगिझमध्ये येताना वाटेत कुठेही बारीक झालेलं नव्हतं.

चौथ्या मिनिटाला पहिल्या रांगेतून आवाज आला. "अरे, मयत तसंच पडलंय आणि हे गादीवरून भांडतायत? लाज वाटते का?"

"आबा, बसा खाली," कालिचा कुजबुजली.

"बसतोय कशाला! इथे सगळ्यांत थोरला मी. मी नाही करायचं तर कुणी करायचं?"

आबा उभे राहिले आणि त्यांनी तळवे वर केले. आमच्याकडे थोरल्याचे तळवे वर गेले की नाटक, कायदा, रहदारी, सगळं थांबतं. दोनशे लोकांचे तळवे वर गेले. प्रधानाने तलवार काखेत धरून तळवे वर केले. आबा मयताची दुआ म्हणू लागले.

मी डोळे मिटून पडलो होतो. वर तो आवाज. त्या आवाजापुढे पसरलेले माझे हात एकदा रिकामे परतले होते. माझ्या डोक्याने सांगितलं, गाढवा, तू मेला आहेस. हातांनी ऐकलं नाही. ते वर आले. सगळे "आमीन" म्हणाले, मीही म्हणालो, सवयीने तळवे तोंडावरून फिरवले आणि अर्धी दाढी उजव्या तळव्याला चिकटून निघाली.

सभागृह असं हसलं की पडदा पाडावा लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रंगपटात जिपार डोकं धरून बसली होती. "काका, मेलेला माणूस हात वर करतो?"

"दुआ चालली होती गं."

"तुम्ही मेला होतात!"

"मग तर जास्तच गरज होती."

ती हसली नाही. परीक्षक चहासुद्धा न घेता निघून गेले होते. आल्माटीला आता तेरा देशांचेच राजे मरणार होते.

तेवढ्यात कालिचाचा हात धरून आबा आत आले. डोळा लाल, पण खुशीत. "राजा भला माणूस होता रे. शेवटी कुणी विचारलं नाही बिचाऱ्याला. पण तू कुठे होतास? मी शोधून शोधून दमलो. मशाल धरलेला तो तूच ना?"

मी टेबलावरची अर्धी दाढी उचलून हनुवटीला लावली.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. याचं श्रेय मी माझ्या अभिनयाला देतो, कालिचा डोळ्यावरच्या पट्टीला देते.

आबांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मी जित्या पोराला मयताची दुआ दिली?"

"नाटकात होतं ते, आबा."

"दुआ नाटकात नव्हती! दुआ खरी होती!" त्यांची काठी खाली पडली. "हात पुढे कर. ती लागायच्या आत उलटवायला पाहिजे. कर म्हणतो ना, गाढवा!"

मी तळवे पसरले. त्यांना रंग आणि डिंक लागलेला होता. आबांचे हात वर आले. "याला लांब आयुष्य दे. पायात बळ दे. घर भरलेलं ठेव." मग ते अडखळले. घाबरलेला माणूस काहीच मागे ठेवत नाही. "आणि हे जे काम करतो ना हा, यातही बरकत दे. आमीन."

मी तळवे तोंडावरून फिरवले, आणि ते ओले झाले.

"आता का रडतोस?" आबा म्हणाले. "हेही तिथेच शिकवलं का?"

"नाही आबा. हे तिथे शिकवत नाहीत."

त्यांनी चाचपडत काठी शोधून उचलली. "उद्या आहे का परत?"

"आहे."

"मग मी येतो. मी हात वर करणार नाही, तूही करू नकोस. नीट मर."