डावा पट्टा

खट्.

आतल्या खोलीत आवाज झाला, आणि चोरी पकडली जावी तसा तिने टेबलावरचा कागद उलटा घातला. सकाळचा हा पाऊण तास तिचा एकटीचा. कागदावरची सहीची जागा मात्र कालपासून कोरीच होती.

पुन्हा खट्. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. लाइफ जॅकेटचं बकल.

दारात ठकी उभी होती. वय वर्षं पाच, आणि अंगात आईचं जुनं, कधीच निकामी ठरवलेलं जॅकेट, पार गुडघ्यांपर्यंत लोंबणारं.

"हे कुठून उपसलंस गं?"

"कपाटातून. मला बघ ना."

'बघणं' म्हणजे काय, हे या घरात कुणी कुणाला समजावत नसे. ठकी जन्मायच्या आधी चार वर्षं तिची आई नौदलाच्या तपासणी पथकात होती. चालत्या जहाजाला रबरी बोट भिडवायची, कठड्याला दोरशिडी अडकवायची आणि चढायचं. चढण्याआधी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला डोक्यापासून पायांपर्यंत चाचपायचं. हेल्मेट, खांदे, कंबर, मांड्यांचे पट्टे. डोळ्यांनी नाही, हातांनी. पाणी उडत असताना डोळे फसतात. शेवटी पाठीवर थाप आणि एकच शब्द, पक्कं.

तिचा जोडीदार शिडीवर असा सरसर चढे की सगळे त्याला पाल म्हणत. हा पाल डाव्या मांडीचा पट्टा हमखास अर्धवट ठेवी. ती तो खेचून घट्ट करी, आणि दरवेळी त्याचं ठरलेलं वाक्य येई, "माझी बायकोसुद्धा एवढं बघत नाही."

"म्हणून तर वहिनी सुखात आहेत."

ठकी झाली आणि तिची बदली बंदरावरच्या खोलीत झाली. तिथे बसून ती बिनमाणसांची बोट चालवते. पथकाच्या पुढे जाऊन ही बोट जहाजाभोवती फेरी मारते आणि कॅमेऱ्यातून सगळं दाखवते. संध्याकाळी सहाला घरी. ओले कपडे नाहीत, आठ-आठ दिवस गायब होणं नाही. सुखाची नोकरी, असं सगळेच म्हणतात. तीही म्हणते.

काल दुपारी पडद्यावर एक मालवाहू जहाज होतं. नेहमीची तपासणी, कप्तानाने आधीच होकार दिलेला. रबरी बोट जहाजाला भिडली. नव्या जोडीदाराने पालकडे वरपासून खालपर्यंत एक नजर टाकली आणि अंगठा वर केला. नुसती नजर. पालने शिडीला हात घातला, आणि तिला दिसलं की त्याच्या डाव्या मांडीखाली पट्ट्याचं टोक लोंबतंय.

पथकाशी वायरलेसवर बोलायचं ते खोलीतल्या साहेबांनीच. तिच्या हाताशी होता तो फक्त बोटीवरचा भोंगा, आणि तोही जहाजाच्या कप्तानाला 'वेग कमी करा' वगैरे सांगण्यापुरता.

"पाल! डावी मांडी!"

आवाज दर्यावर असा घुमला की जहाजावरचे खलाशी कठड्याशी गोळा झाले. पाल तिसऱ्या पायरीवर थबकला. एका हाताने शिडी धरून त्याने दुसऱ्या हाताने पट्टा ओढला. मग मान वळवून त्याने तिच्या बोटीकडे पाहिलं. बोटीत कुणी नव्हतं, तरी त्याने हात वर केला.

"सरकारी भोंग्यावरून मांडी?" संध्याकाळी साहेबांनी विचारलं. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो फसला. मग ते गंभीर झाले. "पट्टा पायरीत अडकला असता, तर बोट आणि जहाज यांच्यामध्ये सापडला असता तो. कळतंय मला. म्हणून तर विचारतोय. पथकात एक जागा रिकामी आहे. तिथे परत जातेस की खोलीतच कायम राहतेस? एकदा सही झाली की मग रडगाणं ऐकणार नाही. उद्या दहापर्यंत."

कागदावर दोनच चौकोन होते.

घरी ठकीच्या बाबाने कागद वाचला. त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांची नजर तपासणारा माणूस. त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "तुझा जीव तिकडे आहे हे मला दिसत नाही होय? जा. ठकीला मी बघतो."

एवढं सोपं करून दिल्यावर तर तिची सहीच होईना.

"आई, बघ की!" ठकीने पाय आपटला.

ती गुडघ्यांवर बसली. ठकीचं डोकं, खांदे. कंबरेचा पट्टा दोनदा गुंडाळून घ्यावा लागला. जॅकेटच्या आत ठकीच्या झोपेची ऊब अजून होती. तिचे हात तिथेच जरा रेंगाळले.

"डावी राहिली," ठकीने बजावलं.

तिने डावा पट्टा ओढला आणि पाठीवर थाप मारली. "पक्कं."

"बाबाला येत नाही असं."

"येतं की. मागच्या आठवड्यात मला लवकर जावं लागलं, तेव्हा शाळेत जाताना त्यानेच बघितलं ना तुला?"

"तो नुसता डोळ्यांनी बघतो."

टेबलावर उलटा पडलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडला. तिने हात लांबवून त्यावर पेन ठेवलं आणि काहीतरी काम हवं म्हणून ठकीचा पट्टा पुन्हा एकदा तपासला. तो पक्काच होता.

काल रात्री जेवताना ठकीने भोंग्याची गोष्ट तीनदा सांगायला लावली होती, आणि तीनही वेळा 'डावी मांडी'ला ती खदखदून हसली होती. आता मात्र ती हसत नव्हती. आईच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून तिने विचारलं,

"मग पालमामाला आता हातांनी कोण बघतं?"